शिबिरातलं रक्त आणि संशोधनातलं रक्त

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी कशी होते, हे विदर्भात कुणाला शिकवायला नको. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर पुढची तपासणी, कारण वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) कोण आणि रुग्ण कोण हे या चाचणीत कळत नाही. त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी, म्हणजे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसच लागतं.

जनुकीय संशोधनातही रक्तच घेतात, बहुतेकदा शिरेतून, जांभळ्या टोपणाच्या नळीत. किती घेतलं, कुणी घेतलं, कुठे पाठवलं, हे फरक किरकोळ. खरा घोळ पुढे आहे. नागपुरात बाहेरची संस्था आणि इथले डॉक्टर मिळून काम ठरवायला बसले, की कुणीतरी म्हणतंच: "शिबिरात रक्त दिलंय ना त्यांनी, त्यातूनच डीएनए काढू."

असा परस्पर काढता येत नाही. तपासणीत प्रश्न त्या माणसाचा असतो आणि उत्तरही त्यालाच द्यायचं असतं: तू वाहक आहेस, जोडीदारही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. संशोधनातला प्रश्न समूहाचा असतो. दोघांत दोष तोच, तरी एकाला वारंवार भरती करावं लागतं आणि दुसऱ्याचं वर्ष बरं जातं, ते कशामुळे? त्याचं उत्तर सापडलं तरी रक्त देणाऱ्या बाईच्या हातात कदाचित काहीच पडणार नाही. हे तिला सुई टोचण्याआधी, तिच्या भाषेत सांगायला हवं. गोंडी बोलणाऱ्या बाईला मराठी फॉर्म वाचून दाखवणं म्हणजे सांगणं नव्हे. आणि दोन्ही गोष्टी एकाच कागदावर घालून खाली एक अंगठा घेण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. कागद दोन हवेत: पहिला तपासणीचा, दुसरा संशोधनाचा. दुसऱ्याला नाही म्हटलं तरी पहिल्याचा रिपोर्ट मिळालाच पाहिजे.

उरलेल्या नमुन्यांवर काम करायची वाट आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, पण त्यासाठी आधी एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे, जावं लागतं. ग्रामसभेचा ठराव झाला म्हणून प्रत्येकाची संमती मिळाली, असंही होत नाही. ठराव हवा, आणि त्यावर माणसागणिक होकारही हवा.

"पण आम्ही नाव काढून टाकतो." कसं काढता, ते विचारा. नावाऐवजी क्रमांक टाकून त्याची यादी कुलपात ठेवली असेल, तर पुढे काही गंभीर निघाल्यास त्या माणसापर्यंत पोचता येतं आणि त्याला माघारही घेता येते. यादीच नष्ट केली, तर दोन्ही वाटा बंद होतात. शिवाय छोट्या पाड्यावर नाव काढून भागत नाही. गाव, जमात, वय आणि आजार लिहिला की घर ओळखू येतं. निष्कर्षात जमातीचं नाव छापलं, तर ज्यांनी रक्त दिलंच नाही त्यांच्या मुलींच्या सोयरिकीतही तो विषय निघतो.

अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं होतं. तेच रक्त स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरल्याचं त्यांना नंतर कळलं. कोर्टकचेरी होऊन २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

म्हणून सहयोगाच्या करारात इथल्या टीमने कामाची वाटणी पाहण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. क्रमांकांची यादी नागपुरातच राहणार का? नवा प्रश्न सुचला तर नवी परवानगी घ्यायचं लिहिलंय का? परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी कोण आणणार? आणि पाड्यावर जाऊन घरोघरी समजावून सांगणाऱ्या इथल्या माणसांचं नाव शोधनिबंधाच्या लेखकांत हवं. शेवटच्या आभाराच्या ओळीत ते टाकलेलं मला चालत नाही.