शस्त्र खाली ठेवल्यानंतरची प्रार्थना : माजी सैनिकांच्या ख्रिस्ती साधनेची पार्श्वभूमी

माजी सैनिकांसाठी चालणाऱ्या ख्रिस्ती उपक्रमांत आज प्रार्थनेची ठरावीक वेळ, पवित्र शास्त्राचे वाचन, दिवसाअखेरीचे आत्मपरीक्षण आणि सोबत्यांसह केलेली उपासना यांवर भर असतो. हे सारे मानसोपचारशास्त्राच्या प्रभावामुळे अलीकडे सुरू झाले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात युद्धावरून परतलेल्या माणसाला नुसता गौरव पुरत नाही आणि घाईने दिलेली क्षमाही पुरत नाही, त्याला रोज पाळता येईल असा नियम लागतो, ही जाणीव चर्चमध्ये चौथ्या शतकापासून आहे. आणि असे काही नियम तर सैनिकी जीवन मागे टाकून आलेल्यांनीच घडवले आहेत.

बायबलमधील नव्या कराराने सैनिकाला दाराबाहेर ठेवलेले नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आलेल्या शिपायांना त्याने नोकरी सोडायला सांगितले नाही. कोणावर जुलूम करू नका, खोटे आरोप करू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा, एवढेच सांगितले. त्यातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला रोमन शताधिपती कर्नेल्य हा नित्य प्रार्थना आणि दानधर्म करणारा होता. मात्र ज्याच्या हातून लढाईत माणसे मेली आहेत त्याने उपासनेत परत कसे यावे, याचे उत्तर या उताऱ्यांत नाही. ते पुढच्या पिढ्यांना शोधावे लागले.

चौथ्या शतकातील दोन नावे येथे महत्त्वाची आहेत. इजिप्तमधील पाखोमियस याला तरुणपणी सक्तीने रोमन सैन्यात भरती करण्यात आले होते. बंदिस्त अवस्थेत असलेल्या या नव्या शिपायांना अनोळखी ख्रिस्ती लोकांनी अन्न आणून दिले आणि त्या अनुभवामुळे सुटका होताच त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे तबेन्निसी येथे त्याने सामुदायिक मठजीवनाचा पाया घातला. प्रार्थना, श्रम आणि भोजन यांच्या वेळा सर्वांसाठी एकच ठेवणाऱ्या त्या मठांची रचना पाहून अनेक अभ्यासकांना सैनिकी शिस्तीची आठवण होते. दुसरा तूरचा मार्टिन. रोमन सैन्य सोडल्यावर त्याने आजच्या फ्रान्समधील लिगुजे येथे एकांतवासी साधकांचा समुदाय उभा केला आणि नंतर बिशप झाल्यावरही मठवासी दिनक्रम सोडला नाही. त्याचा सण ११ नोव्हेंबरला येतो. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम त्याच तारखेला झाला, त्यामुळे अनेक देशांतील सैनिकांच्या स्मरणदिनाशी त्याचे नाव आपोआप जोडले गेले.

त्याच शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने एक विलक्षण सल्ला दिला. युद्धातील हत्येला पूर्वसूरींनी खून मानलेले नाही, हे तो मान्य करतो. तरीही अशा सैनिकांचे हात शुद्ध नाहीत, म्हणून त्यांनी तीन वर्षे प्रभुभोजनापासून (उपासनेतील भाकर व द्राक्षारसाच्या पवित्र विधीपासून) दूर राहणे बरे, असे तो सुचवतो. आजच्या वाचकाला हे कठोर वाटेल. मला मात्र यात सैनिकाविषयीचा आदर दिसतो, कारण जे घडले ते घडलेच नाही असे त्याला भासवायला येथे कोणी सांगत नाही. दहाव्या शतकात बायझंटाईन सम्राट निकेफोरस फोकास याने रणात पडलेल्या सैनिकांना हुतात्मा म्हणून गौरवण्याची मागणी केली, तेव्हा कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्माधिकारी (पॅट्रिआर्क) पॉलियुक्टस याने बासिलच्या याच नियमाचा आधार घेऊन ती नाकारली.

पश्चिमेत याहून तपशीलवार व्यवस्था झाली. नॉर्मनांनी इंग्लंडमध्ये जिंकलेल्या १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर नॉर्मन बिशपांनी आपल्याच विजयी सैन्याला प्रायश्चित्त लावले. आपण माणूस मारला हे ज्याला ठाऊक आहे, त्याने मारलेल्या प्रत्येकामागे एक वर्ष. ज्याच्यावर वार केला तो जगला की मेला हे ठाऊक नसेल, तर प्रत्येकामागे चाळीस दिवस. आणि संख्याच सांगता येत नसेल, तर बिशपच्या विचाराने आयुष्यभर आठवड्यातून एक दिवस. या शेवटच्या तरतुदीत माणसाच्या मनाची किती जाण आहे! मोजता न येणाऱ्या भाराला तिने आठवड्याच्या क्रमात जागा करून दिली. परंतु जेमतेम तीन दशकांत चित्र उलटले. १०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ येथील धर्मसभेत, भक्तिभावाने यरुशलेमच्या मुक्तीसाठी धर्मयुद्धावर (क्रुसेडवर) निघणाऱ्याची ती मोहीमच सर्व प्रायश्चित्ताच्या ठिकाणी धरली जाईल, असे ठरले. युद्धानंतरचे प्रायश्चित्त मागे पडले आणि युद्धच प्रायश्चित्त ठरले. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोठी हानी येथे झाली, कारण परतलेल्या सैनिकासाठी समाजाने मिळून पाळायची वाट हळूहळू बंद झाली आणि पुढे ज्याने त्याने ती स्वतः शोधली.

तशी ती शोधणाऱ्यांत लोयोलाचा इग्नेशियस हा स्पॅनिश सैनिक अग्रणी होता. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. आजारपणात वाचायला मिळालेल्या ख्रिस्तचरित्राने आणि संतचरित्रांनी त्याचे मन पालटले, आणि पुढील वर्षी माँटसेराटच्या वेदीपाशी त्याने आपली तलवार ठेवली. मात्र त्यानंतर मान्रेसा येथे काढलेल्या महिन्यांत त्याला शांती मिळाली नाही. जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करूनही काही राहून गेल्याची शंका त्याला छळत राहिली, इतकी की आत्महत्येचा विचारही मनात आला. अखेर गतकाळातील पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही, असा निश्चय त्याने केला. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यातील आत्मपरीक्षण कृतज्ञतेपासून सुरू होते. मग कृपेची याचना, दिवसाच्या प्रत्येक प्रहराचे अवलोकन, क्षमायाचना आणि सुधारणेचा संकल्प असा क्रम येतो. अपराधाच्या आधी कृतज्ञता ठेवण्याचे मोल मान्रेसाचा छळ सोसलेल्या माणसाला नेमके कळले असणार.

शतकभरानंतर युरोपातील ‘तीस वर्षांचे युद्ध’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युद्धात जखमी झालेला, आजच्या फ्रान्समधील लॉरेन प्रांताचा एक शिपाई १६४० मध्ये पॅरिसच्या कार्मेल मठात दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याने बरीच वर्षे स्वयंपाकघरात काम केले. कामाच्या गडबडीतही परमेश्वराच्या सान्निध्याचे भान ठेवणे, हीच त्याची साधना होती. ठरीव पद्धतींत त्याचे मन रमत नसे. नियमाच्या काटेकोरपणाने थकलेल्या माजी सैनिकांना आजही इग्नेशियसपेक्षा तो जवळचा वाटू शकतो. त्याच शतकात पॅरिसच्या आँवालीद आणि लंडनच्या चेल्सी या वृद्ध व जखमी सैनिकांच्या निवासांत उपासनामंदिरे बांधली गेली, पण तेथील धर्माचरण बरेचसे संस्थेच्या शिस्तीचा भाग होते.

डिसेंबर १९१५ मध्ये बेल्जियममधील पोपरिंग येथे पाद्री फिलिप क्लेटन यांनी टॅलबट हाऊस हे सैनिकांसाठीचे विश्रांतिगृह चालवायला घेतले. तेथे हुद्द्याचा भेद नव्हता आणि माळ्यावरच्या प्रार्थनागृहात सुताराचे बाक वेदी म्हणून वापरले जाई. युद्धानंतर त्यातूनच टॉक एच (टॅलबट हाऊसच्या आद्याक्षरांवरून पडलेले नाव) ही चळवळ उभी राहिली. तिच्या शाखांत दिवा लावून मृत सोबत्यांचे स्मरण होई आणि सदस्य सेवाकार्याची जबाबदारी घेत. हरवलेली सामुदायिक वाट काही अंशी येथे पुन्हा सापडली.

व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर तणाव विकाराचा (पीटीएसडी) समावेश झाला. पण भीतीवर भर देणाऱ्या या निदानाच्या भाषेत न मावणारे दुःख उरतेच, असे माजी सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी या ‘नैतिक जखमे’ची सविस्तर मांडणी केली. स्वतः केलेले, रोखू न शकलेले किंवा डोळ्यांदेखत घडलेले कृत्य आपल्या खोलवर रुजलेल्या नैतिक धारणांच्या मुळावर येते, तेव्हा ही जखम होते. त्यामुळे रुग्णालयांतील पाद्री आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या कामाचे क्षेत्र पुन्हा जवळ आले आहे. दुःस्वप्ने आणि निद्रानाश यांवर वैद्यकीय उपचारच हवेत. अपराधभावासाठी मात्र विलापाची स्तोत्रे, पापांची कबुली आणि रोजचे आत्मपरीक्षण यांचा उपयोग होतो. तरीही जो आधीच स्वतःला दिवसरात्र दोषी ठरवत आहे, त्याला हे आत्मपरीक्षण एकट्याने करायला सांगू नये. जाणत्या मार्गदर्शकाने आरंभीचे काही आठवडे त्याच्याकडून केवळ कृतज्ञतेचा पहिला टप्पा करून घ्यावा आणि अपराधाचे अवलोकन पुढे ढकलावे, हे अधिक सुरक्षित आहे.