म्हातारपणी भूक मरतेच?

"वय झालं की भूक मरायचीच, कमी खाल्लेलंच बरं." हा समज अर्धवट आहे, आणि घातकही.

उतारवयात पोट सावकाश रिकामं होतं, पोट भरल्याचा निरोप देणारं कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक (हार्मोन) बऱ्याच जणांत जास्त राहतं. भूक थोडी मंदावते ती त्यामुळे. पण ताट रोज अर्ध्यावर सरकवलं जातंय, अंगठी बोटातून घसरतेय, तर ते नुसतं वय नव्हे! औषधं, नैराश्य, दातांचं दुखणं. कधी स्मृतिभ्रंशाची चाहूलसुद्धा, कारण त्यात वजन निदानाआधीच उतरू लागू शकतं.

आतड्यातले जिवाणू अन्नातल्या तंतूंवर जगतात. खाणं आटलं की त्यांचीही उपासमार होते. म्हणून प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, गोळीने स्मरणशक्ती परत येते असं कुणी म्हणेल, पण ते सिद्ध झालेलं नाही.

सहा-बारा महिन्यांत कारण नसताना 5 टक्के वजन उतरलं, तर डॉक्टरांना दाखवाच.