तीस तिळांची बॅटरी

भाचा पावसाळ्यात राजगडावर गेला होता, डोळ्यांवर नवाकोरा कॅमेऱ्याचा चष्मा लावून. गुंजवण्यातून चढायला लागल्यापासून त्याने चित्रण सुरू केलं. झाडी, धुकं, पुढे चालणाऱ्या मित्राच्या पाठीवरची सॅक, सगळं टिपलं. चोर दरवाजातून पद्मावती माचीवर पाऊल ठेवलं आणि चष्मा बंद पडला. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ती बालेकिल्ल्याची उभी चढण राहूनच गेली. घरी आल्या आल्या त्याने मला विचारलं, "मामा, एवढे पैसे घेतात, मग जरा मोठी बॅटरी बसवायला यांचं काय जातं?"

हा समज खूप जणांचा आहे: बॅटरी लहान आहे, ती मोठी केली की झालं. त्याला उत्तर देता देता मी कागद-पेन घेऊन बसलो आणि हिशेब इतका रंगला की तो इथे मांडल्याशिवाय राहवत नाही.

भाच्याचा चष्मा कोणत्या कंपनीचा हे सोडून देऊ. हिशेबाला पहिल्या पिढीचा रे-बॅन मेटा घेऊ, कारण त्याची माहिती सहज मिळते. २०२३ साली तो अमेरिकेत आला आणि मे २०२५ पासून भारतात २९,९०० रुपयांपासून पुढे मिळू लागला. वजन ५० ग्रॅमच्या आसपास, कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आणि एका चार्जवर साधारण चार तास वापर असा कंपनीचा दावा. चष्म्याच्या काडीत मावणारी त्याची बॅटरी दीडशे मिलीअँपिअर-तासांच्या घरातली आहे. आपल्या खिशातल्या मोबाइलची पाच हजारांची असते. चष्म्याच्या दीडशेच्या आकड्याला बॅटरीच्या सुमारे ३.८५ व्होल्टने आणि तासातल्या ३,६०० सेकंदांनी गुणून हजाराने भागलं की एकूण ऊर्जा निघते साधारण २,१०० ज्यूल.

म्हणजे किती? अर्धी किलोकॅलरी. एक तीळ साधारण तीन मिलिग्रॅमचा असतो आणि एक ग्रॅम तिळातून साडेपाच-पावणेसहा किलोकॅलरी मिळतात. म्हणजे चष्म्याची पूर्ण भरलेली बॅटरी आणि तीस तीळ यांच्यातली ऊर्जा सारखीच! संक्रांतीला हातावर पडणाऱ्या एका तिळगुळात याच्या कित्येक पट शिदोरी असते. ही २,१०० ज्यूल चार तासांत वाटली तर सरासरी १५० मिलीवॉटसुद्धा वाट्याला येत नाहीत. आणि चित्रीकरण चालू असताना चष्म्याने एक वॉट जरी ओढला, तरी पस्तीस मिनिटांत खेळ खलास.

मोबाइलवर फिरणारा "पन्नास वर्षं चार्ज न करता चालणारी अणुबॅटरी आली" हा मजकूर तुम्हीही वाचला असेल. जानेवारी २०२४ मध्ये बीटाव्होल्ट या चिनी कंपनीने निकेल-६३ हा किरणोत्सारी पदार्थ वापरून केलेली बॅटरी जाहीर केली, हे खरं आहे. तिची शक्ती मात्र १०० मायक्रोवॉट, म्हणजे एका मिलीवॉटचा दहावा भाग. आपल्या चष्म्याची सरासरी १५० मिलीवॉटची गरज भागवायला अशा १,५०० बॅटऱ्या लागतील. प्रत्येक बॅटरी १५ मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि ५ मिलिमीटर जाड. सगळ्या रचल्या तर दीड लिटरहून मोठा डबा भरेल. तो कुठल्या कानावर अडकवायचा? बातमी पुढे पाठवण्याआधी एक भागाकार केला असता तरी पुरेसं होतं.

आता मोठ्या बॅटरीचं. चार-पाच ग्रॅम वजन वाढवून बॅटरी दुप्पट करता येईलही. नाकावर आणि कानामागे ते जाणवेल, पण चालेल. उष्णतेचं काय करायचं? चष्म्यात खर्च होणारी जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ही उष्णता कानशिलाला टेकलेल्या एका बारीक प्लास्टिकच्या काडीत कोंडते. मोबाइल तापला तर आपण तो खाली ठेवतो. चष्मा तापला तर तो कातडीलाच चिकटलेला असतो. मोठी बॅटरी ही उष्णता कमी करत नाही, उलट जास्त वेळ पुरवत राहते. गूगलचा असाच कॅमेऱ्याचा चष्मा, गूगल ग्लास, २०१३ साली लोकांच्या हाती आला तेव्हा त्याची बॅटरी ५७० मिलीअँपिअर-तासांची होती, म्हणजे आजच्या या चष्म्याच्या जवळपास चौपट. तरी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्याची मोजमापं घेतली तेव्हा मर्यादा दोन्ही बाजूंनी दिसल्या, बॅटरीची आणि उष्णतेची. तेव्हा वेळ वाढवायचा तर तो खर्च कमी करूनच वाढणार. खर्च नेमका कुठे होतो? माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग इथे सुरू होतो.

चित्रण म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. हिशेब सोपा जावा म्हणून फुल एचडी धरू: एका चित्रात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. सेकंदाला सव्वासहा कोटींच्या आसपास. हे सगळं जसंच्या तसं साठवायचं तर सेकंदाला ९० मेगाबाइटहून जास्त जागा लागेल आणि चष्म्यातली ३२ गिगाबाइट जागा सहा मिनिटांच्या आत भरून जाईल. म्हणून चित्रण आटवावं लागतं. कसं? किराणा दुकानदाराच्या वहीत एकाच मालाच्या नोंदी लागोपाठ आल्या की तो पुन्हा पुन्हा नाव लिहीत नाही, खाली दोन छोट्या रेघा ओढतो: वरीलप्रमाणे. चित्रणातही एका चित्रातलं बरंचसं पुढच्या चित्रात तसंच असतं. पण कॅमेरा डोक्यावर आहे आणि डोकं हलतं, म्हणून नुसतं "वरीलप्रमाणे" भागत नाही. "वरीलप्रमाणे, पण तीन घरं डावीकडे आणि एक घर खाली सरकवून" असं लिहावं लागतं.

हे सरकणं शोधायचं कसं? चित्राच्या १६ गुणिले १६ ठिपक्यांच्या चौकटी पाडायच्या. फुल एचडी चित्रात त्या ८,१६० होतात. प्रत्येक चौकट आधीच्या चित्रात आसपास कुठे जुळते ते पाहायचं. चारही दिशांना १६-१६ ठिपके शोध घेतला तर ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ जागा. प्रत्येक जागी २५६ ठिपक्यांची एकेक वजाबाकी, फरक सर्वांत कमी तिथे चौकट जुळली. हे ८,१६० चौकटींसाठी, सेकंदाला ३० वेळा. गुणाकार करून पाहा: सेकंदाला सुमारे ६,८०० कोटी वजाबाक्या.

आकडा छाती दडपणारा आहे, पण वजाबाकी महाग नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४ साली एका परिषदेत मांडलेले आकडे संगणक-अभियंत्यांच्या तोंडी असतात. ४५ नॅनोमीटर तंत्राच्या चिपमध्ये ३२ बिटांच्या एका बेरजेला सुमारे ०.१ पिकोज्यूल लागतात (पिकोज्यूल म्हणजे एका ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग). तेवढेच ३२ बिट चिपबाहेरच्या मुख्य स्मृतीतून, म्हणजे डीरॅममधून आणायला मात्र साडेसहाशेच्या आसपास पिकोज्यूल. साडेसहा हजार पट! वजाबाकीलाही बेरजेइतकाच खर्च धरला तर आपल्या ६,८०० कोटी वजाबाक्यांना लागतात फक्त ७ मिलीवॉट. पण त्या प्रत्येक वजाबाकीसाठी एकेक ठिपका (आठ बिटांचा, म्हणजे ३२ बिटांच्या पाव खर्चाचा) दरवेळी डीरॅममधून आणला, तर ११ वॉट लागतील आणि तीस तिळांची शिदोरी तीन मिनिटांत संपेल.

भिंत बांधणाऱ्या गवंड्याला पाहा. वीट बसवायला त्याला काही सेकंद लागतात. पण प्रत्येक विटेसाठी तो भट्टीपर्यंत चालत गेला तर दिवसात एक थर होणार नाही. म्हणून विटांचा ढीग हाताशी रचलेला असतो. चिपमध्ये हा ढीग म्हणजे गणित करणाऱ्या भागाला चिकटून असलेली छोटी स्मृती. तिच्यातून तेच ३२ बिट आणायला पाचेक पिकोज्यूल पुरतात. आधीच्या चित्राचा लागणारा तुकडा डीरॅममधून एकदा आणायचा, या ढिगात ठेवायचा आणि त्यावर सगळे शोध उरकायचे. शेजारच्या चौकटीचा शोधाचा परिसर बराचसा तोच असतो, तेव्हा तिच्यासाठी फक्त नवा काठ आणायचा. एवढ्या व्यवस्थेने डीरॅममधून ये-जा करणाऱ्या माहितीचा खर्च ११ वॉटवरून शंभर मिलीवॉटच्याही खाली येतो. शिवाय सगळ्या १,०८९ जागा पाहायचीही गरज नसते. मान डावीकडे वळली की जवळपास सगळं चित्र उजवीकडे सरकतं, म्हणून शेजारची चौकट जिकडे गेली तिकडे आधी पाहायचं. आजच्या चिप ४५ नॅनोमीटरपेक्षा कितीतरी बारीक आणि काटकसरी आहेत, पण गणित स्वस्त आणि वाहतूक महाग ही दरी बुजलेली नाही. बॅटरी खाते ती माहितीची वाहतूक.

हे एकदा लक्षात आलं की चष्मा कसा वापरायचा ते वेगळं सांगावं लागत नाही. ठिपके दुप्पट झाले की वाहतूक दुप्पट. सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रं घेतली तरी तेच. मोबाइलच्या पडद्यावर पाहायच्या चित्रणाला सर्वांत वरचं रिझोल्यूशन कशाला? रे-बॅन मेटावर सुरुवातीला एका वेळी एका मिनिटाचंच चित्रण घेता येत असे, पुढे ते तीन मिनिटांपर्यंत वाढवलं. ही मर्यादा जाचक वाटते, पण मधल्या विश्रांतीत काडी निवते.

चिपपासून डीरॅम दूर, तर मोबाइल त्याहूनही दूर. हवेतून वायफायने बिट पाठवणं ही आणखी महाग वाहतूक. थेट प्रक्षेपणात तर चित्रण आटवायचं आणि त्याच क्षणी हवेत सोडायचं, दोन्ही खर्च एकदम. म्हणून गडावर असताना चित्रणं मोबाइलवर ओढत बसू नका. चष्मा चार्जिंगच्या डबीत असताना ओढा, तेव्हा तो खर्च डबी भरून देते. हाक मारल्यावर जागं होण्याची सोय चालू असेल तर मायक्रोफोन आणि चिपचा एक छोटा भाग सतत कान देऊन असतात. क्षणाक्षणाला खर्च अगदी थोडा, पण दिवसभर अखंड. लागत नसेल तेव्हा ती बंद ठेवावी.

शेवटी बॅटरीच्या म्हातारपणाबद्दल. "पूर्ण उतरवूनच चार्ज करायची, नाहीतर बॅटरीला सवय लागते" हा सल्ला अजून दुकानातही मिळतो. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयनला अशी सवय लागत नाही. पूर्ण रिकामं होणं आणि पूर्ण भरून तापत पडणं, दोन्हींनी ती झिजते. मोबाइल आपण दिवसातून एकदा भरतो. हा चष्मा नेटाने वापरला तर दिवसातून दोनदा, कधी तीनदा भरावा लागतो. भरण्या-उतरण्याच्या पाचशे फेऱ्या मोबाइलला दीड वर्ष पुरतात, चष्म्याच्या आठ महिन्यांतच संपू शकतात. त्यात उष्णतेची भर पडली की झीज आणखी वाढते. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किती होत असतील? भाचा नोकरीनिमित्त अकोल्यालाच असतो. त्याला सांगितलं आहे, डबी गाडीत ठेवू नकोस, आणि पुढच्या वेळी गुंजवण्यातून निघताना चष्मा सॅकमध्ये असू दे, बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी पोचलास की बाहेर काढ.