बंडाच्या गोष्टी आणि चौदा वर्षांची मुलं

नाशिकच्या गंगापूर रोडला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर पुस्तक प्रदर्शन लागलं की इंग्रजी किशोर कादंबऱ्यांच्या टेबलाभोवती आठवी ते दहावीची मुलं हमखास दिसतात. त्यांच्या हातातल्या पुस्तकांत उद्याचं जग पार बिघडलेलं असतं. सरकार घराघरावर नजर ठेवून असतं, कोणी काय काम करायचं आणि कुठे राहायचं हे वरून ठरतं, आणि सोळा वर्षांची एखादी मुलगी या सगळ्याला नाही म्हणते. अशा कथांना डिस्टोपियन म्हणतात. "एवढं भयाण कशाला वाचायचं?" हा शेजारी उभ्या असलेल्या आईचा प्रश्न रास्तच आहे. मला मात्र दुसराच प्रश्न जास्त छळतो. बंडखोर नायिकेवर जीव टाकणारी हीच मुलं बूट, केस, सायकल, क्लास, सगळं मित्रांसारखंच हवं म्हणून घरात हटून बसतात. मग त्यांना बंड आवडतं कसं?

मला यात विसंगती वाटत नाही. घोळक्याची ओढ ज्या वयात सर्वाधिक असते, त्याच वयात घोळक्याबाहेर पडलेल्या माणसाची गोष्ट जिवाला भिडते.

ही ओढ मोजली गेली आहे. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलेल्या ८ ते ५९ वयाच्या ५६३ लोकांना रोजच्या आयुष्यातल्या काही गोष्टी किती धोकादायक वाटतात ते विचारलं गेलं. मग "इतरांचं मत" म्हणून एक आकडा दाखवला आणि पुन्हा विचारलं. मेंदूशास्त्रज्ञ सारा-जेन ब्लेकमोर यांच्या गटाचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मतं सगळ्याच वयात हलली. पण लहान मुलांवर आणि मोठ्यांवर प्रौढांच्या मताचा प्रभाव जास्त पडला, तर १२ ते १४ वर्षांच्या मुलांवर आपल्याच वयाच्या मुलांच्या मताचा. त्याआधी २०११ साली अमेरिकेत एका गाडी चालवण्याच्या खेळात असं दिसलं, की मित्र बघताहेत हे कळल्यावर किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करतात आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतला बक्षिसाच्या आनंदाशी जोडलेला भाग जास्त सक्रिय होतो. प्रौढांमध्ये तसं झालं नाही. म्हणून "तुला स्वतःचं डोकं नाही का?" असं मुलांना सुनावणं मला अन्यायाचं वाटतं. डोकं आहे, फक्त सोबत्यांची पसंती त्या डोक्याला फार गोड लागते.

मोठ्यांनी तरी कुठे दिवे लावलेत? मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात केलेला प्रयोग इथे नीट पाहण्यासारखा आहे. सात-आठ कॉलेज विद्यार्थी एका खोलीत. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीच्या लांबीची कोणती, एवढंच मोठ्याने सांगायचं. खरा उमेदवार एकच, बाकी सगळे शिकवून ठेवलेले, आणि त्या एकाचा नंबर शेवटाकडे. अठरापैकी बारा फेऱ्यांत बाकीचे एकमुखाने चुकीचं उत्तर देत. एकट्याने हे काम करताना माणसं जवळजवळ चुकतच नाहीत. इथे बाराही फेऱ्या मिळून एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं घोळक्यामागे गेली, आणि सुमारे तीन चतुर्थांश जण एकदा तरी घसरले. विरोधात एकच माणूस असेल तर फारसा फरक पडत नव्हता, पण तीन झाले की दबाव जवळजवळ पुरा व्हायचा. "चार लोक काय म्हणतील" या धाकाला खरोखर चारच लोक पुरतात.

या प्रयोगाचा पुढचा भाग क्वचितच कोणी सांगतं, आणि माझ्या मते महत्त्वाचा तोच आहे. अ‍ॅशनी त्या घोळक्यात खरं बोलणारा एक साथीदार बसवला. चुका एकदम पाव पटीवर आल्या. साथीदाराचं स्वतःचं उत्तर चुकीचं असलं, पण घोळक्यापेक्षा वेगळं असलं, तरी उमेदवाराला बळ यायचं. आणि साथीदार मध्येच घोळक्याला जाऊन मिळाला की चुका पुन्हा वाढायच्या.

आता त्या कादंबऱ्या पुन्हा उघडून बघा. नायिका फार काळ एकटी नसते. कोणीतरी तिच्याकडे बघून मान हलवतं, "मलाही असंच वाटतं" म्हणतं, आणि तिथून गोष्ट पळू लागते. वाचणाऱ्या मुलासाठी तर ती नायिकाच साथीदार होते. कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये मागे बसून मी पाहिलं आहे: सर फळ्यावर वर्गसमीकरण सोडवून वळले, "कळलं ना?" म्हणाले, आणि अख्ख्या वर्गाने "हो सर" केलं. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीची पेन्सिल तिसऱ्या ओळीवरच थांबलेली होती. "हो सर" तिनेही म्हटलं. तिच्या दप्तरात असली एखादी जाडजूड कादंबरी असेल, तर मला त्यात काळजीचं काही वाटत नाही.

काळजी करावी अशी जागा वेगळी आहे. 'द हंगर गेम्स' या अशाच कादंबरीवरच्या सिनेमातली तीन बोटं उंचावण्याची खूण २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडमधल्या निदर्शकांनी खरोखर उचलली. म्हणजे गोष्ट पुस्तकात राहत नाही. २०१८ साली कॅल्व्हर्ट जोन्स आणि सेलिया पॅरिस या संशोधिकांना आढळलं, की अशा कथा पाहिल्या-वाचल्यावर अन्यायाविरुद्ध हिंसक मार्गही समर्थनीय ठरू शकतो, असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. कारण या गोष्टींत बदल फार लवकर घडतो. एक बाण, एक स्फोट, आणि राजवट कोसळते.

प्रत्यक्षात थोड्यांचं मत बहुतेकांपर्यंत पोचतं ते चिकाटीने. मानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोविसी यांनी १९६९ साली सहाजणांच्या गटात दोघांना निळ्या स्लाइड हिरव्या म्हणायला लावल्या. दोघं शेवटपर्यंत ठाम राहिले तेव्हा इतरांची आठ टक्क्यांच्या आसपास उत्तरं त्यांच्याकडे वळली. दोघं डळमळले तेव्हा जेमतेम एक टक्का. प्रयोगशाळेतला आकडा छोटा आहे, पण नाशिककराला त्याचा अर्थ समजवायला नको. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या इथल्या कार्यकर्त्यांच्या बळावर तो वर्षानुवर्षं चालला. दगड खाल्ले, तुरुंग सोसले, तरी माणसं पुन्हा पुन्हा पंचवटीत येत राहिली. पुस्तक हातात असलेल्या मुलाशी बोलताना मी हा सत्याग्रह आवर्जून सांगते, कारण कादंबरीत नेमका हाच संथ, किचकट भाग गाळलेला असतो.

शिक्षकांना अ‍ॅशच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट लगेच उचलता येईल. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहून द्यायचं असेल, तर घोळक्यामागे जाणं बरंच कमी होतं. तेव्हा "कळलं ना?" विचारण्याऐवजी बिननावाच्या चिठ्ठ्या वाटा आणि न कळलेली पायरी लिहायला सांगा. मग त्या चिठ्ठ्या वर्गातच मोठ्याने वाचा, म्हणजे आपल्यासारखे अडलेले आणखी किती आहेत हे मुलांनाही कळेल.