सर्वकालीन नऊ आणि सर्वोत्तम फळी: सिनसिनाटी रेड्सच्या निमित्ताने

बेसबॉलमधील एखाद्या व्यावसायिक संघाची आजवरची सर्वोत्तम फलंदाजी कोणती, या वादात पुष्कळदा दोन्ही पक्ष दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. पहिला प्रश्न असा, की संघाच्या सगळ्या इतिहासातून प्रत्येक जागेसाठी एकेक खेळाडू निवडून कागदावर संघ उभा केला, तर त्यात कोणाकोणाला घ्यावे. दुसरा असा, की त्या संघाने प्रत्यक्ष मैदानात उतरवलेल्या फळ्यांपैकी सर्वांत भेदक कोणती. पहिल्या संघातले खेळाडू एकमेकांना कधी भेटलेही नसतील; दुसऱ्या फळीतले मात्र एकाच हंगामात, एकाच व्यवस्थापकाच्या हाताखाली, एकमेकांच्या मागेपुढे फलंदाजी करून गेलेले असतात.

न्यूयॉर्क यांकीजच्या बाबतीत हा गोंधळ फारसा होत नाही. १९२७ च्या त्यांच्या विख्यात फळीत बेब रूथने ६० आणि लू गेहरिगने ४७ होमरन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून मिळवलेल्या धावा) मारले. पण त्याच फळीतले मार्क कोनिग, ज्यो डुगन आणि पॅट कॉलिन्स यांना सर्वकालीन संघात कोणी धरत नाही, कारण शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षणाच्या जागेला) डेरेक जीटर आणि कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून योगी बेरा समोर उभे असतात. त्या वर्षी ०.३५६ ची सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण) राखणाऱ्या अर्ल कोम्ब्जलाही सेंटर फिल्डवरची जागा मिकी मँटल किंवा ज्यो डिमॅजिओ यांच्यासाठी सोडावी लागते. रूथ आणि गेहरिग निर्विवाद, टोनी लॅझेरी वादग्रस्त. दोन्ही याद्यांत समान नावे तेवढीच.

खरी फसगत होते ती सिनसिनाटी रेड्सच्या बाबतीत. १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ दोन वर्षे वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका) जिंकणाऱ्या या संघाची आठ जणांची फळी इतकी प्रसिद्ध आहे, की तीच रेड्सचा सर्वकालीन संघ आहे असे अनेकांना वाटते: पीट रोझ, केन ग्रिफी (थोरला), ज्यो मॉर्गन, जॉर्ज फॉस्टर, जॉनी बेंच, टोनी पेरेझ, डेव्ह कन्सेप्सियोन आणि सेझार जेरोनिमो. माझ्या मते यांपैकी चारच जण सर्वकालीन संघात टिकतात.

बेंच आणि मॉर्गन यांच्याबद्दल वाद संभवत नाही. बेंचने सारी कारकीर्द रेड्सकडून खेळत ३८९ होमरन मारले. मॉर्गन १९७१ च्या अखेरीस ह्यूस्टनहून आला, तेव्हा रेड्सकडे त्याचे आठच हंगाम जमा आहेत. पण १९७५ मध्ये त्याचे बेसवर (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या टप्प्यावर) पोहोचण्याचे प्रमाण ०.४६६ होते आणि त्या व पुढच्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. शॉर्टस्टॉपला मात्र कन्सेप्सियोन मागे पडतो. त्याचे क्षेत्ररक्षण अप्रतिम होते, परंतु निकष फलंदाजीचा असेल तर १९९५ चा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या आणि १९९६ मध्ये ३३ होमरनबरोबर ३६ बेस चोरणाऱ्या (फटका बसलेला नसतानाच धावून पुढचा बेस गाठणाऱ्या) बॅरी लार्किनपुढे त्याचा निभाव लागत नाही. राइट फिल्डवर १९७६ मध्ये ०.३३६ ची सरासरी गाठणारा ग्रिफी त्या एका वर्षापुरता उत्कृष्ट आहे. पण तिथे फ्रँक रॉबिन्सनने १९५६ ते १९६५ या काळात रेड्ससाठी ३२४ होमरन मारलेले आहेत. बॉल्टिमोरला गेल्यावर त्याने १९६६ मध्ये मिळवलेला ट्रिपल क्राउन (एकाच हंगामात सरासरी, होमरन आणि फटक्यांनी मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये अव्वल) मात्र इथे मोजायचा नाही, हे पथ्य पाळणे अनेकांना जड जाते.

हेच पथ्य सेंटर फिल्डवर अधिक कसोटी पाहते. केन ग्रिफी धाकटा ६३० होमरनचा धनी असल्यामुळे त्याचे नाव ओठांवर येतेच. परंतु त्यांपैकी ३९८ त्याने सिअ‍ॅटलमध्ये १९९९ पर्यंतच मारलेले होते आणि रेड्सकडे, दुखापतींनी ग्रासलेल्या वर्षांत, २१० झाले. मी त्याच्याऐवजी एड रोशला घेईन, ज्याने १९१७ आणि १९१९ मध्ये लीगमधील सर्वोच्च सरासरी नोंदवली. रोशच्या काळात होमरन क्वचित होत, म्हणून त्याचे आकडे आजच्या खेळाडूंच्या आकड्यांशेजारी थेट ठेवता येत नाहीत. त्या त्या हंगामातील लीगची सरासरी १०० मानून खेळाडूला तोलणारी मापे इथे अपरिहार्य ठरतात. एका हंगामाच्या फळीला या मापांची एवढी गरज पडत नाही, कारण तिचे सगळे प्रतिस्पर्धी तिच्याच काळातले असतात.

दोन प्रश्नांतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो रोझ आणि पेरेझ यांच्या जागांमध्ये. मे १९७५ मध्ये व्यवस्थापक स्पार्की अँडरसन यांनी लेफ्ट फिल्डवरच्या रोझला थर्ड बेसवर आणले, ते फॉस्टरच्या बॅटला जागा करून देण्यासाठी. हाताशी असलेल्या खेळाडूंतून काढलेली ती तडजोड होती आणि ती विलक्षण यशस्वी झाली. सर्वकालीन संघात तशी अडचणच नाही. फर्स्ट बेसवर २०१० चा सर्वोत्तम खेळाडू, कारकिर्दीत बेसवर पोहोचण्याचे ०.४०९ प्रमाण राखणारा जोई व्होटो येतो. पेरेझ थर्ड बेसवर सरकतो, जिथे तो १९६७ ते १९७१ या काळात नियमित खेळलाच होता. रोझ लेफ्ट फिल्डवर परततो आणि फॉस्टर बाहेर बसतो. ज्याच्यासाठी खरी फळी घडवली गेली, त्यालाच काल्पनिक संघात जागा उरत नाही.

पुराव्याची जातही दोहोंत निराळी आहे. १९७६ च्या रेड्सनी ८५७ धावा केल्या आणि त्या लीगमध्ये सर्वाधिक होत्या. आदल्या वर्षी सामने अधिक जिंकले, १०२ ऐवजी १०८, पण धावा ८४० होत्या. म्हणून फलंदाजीपुरते बोलायचे तर मी १९७६ ला झुकते माप देईन, कारण विजयात पिचर (चेंडू टाकणारा) आणि क्षेत्ररक्षकांचाही वाटा असतो. यांकीजनी १९३१ मध्ये १,०६७ धावांचा डोंगर रचला आणि तरीही लीगमध्ये दुसरा क्रमांक पत्करला, हे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: ते प्रसिद्ध आठही जण त्या दोन हंगामांतल्या निम्म्याहून कमी सामन्यांत एकत्र सुरुवातीला उतरले. विश्रांती, दुखापत आणि बदली खेळाडू हे खऱ्या फळीचे भागच असतात. कागदी संघात कोणाचा गुडघा दुखत नाही.

राहिला फलंदाजीचा क्रम. क्रिकेटमध्ये अकराव्या खेळाडूनंतर डाव संपतो. बेसबॉलमध्ये नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो आणि क्रमात जितके वर, तितक्या हंगामभरात अधिक संधी. त्यामुळे नऊ उत्तम नावे निवडणे आणि ती योग्य क्रमाने लावणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. माझा क्रम असा: रोझ, मॉर्गन, व्होटो, रॉबिन्सन, बेंच, रोश, पेरेझ, लार्किन. बेंचनंतर लगेच पेरेझला न पाठवण्याचे कारण, रॉबिन्सन, बेंच, पेरेझ आणि लार्किन असे चार उजव्या हाताचे फलंदाज ओळीने आले, आणि उजव्या हाताच्या पिचरपुढे असे फलंदाज सहसा अडखळतात, तर अखेरच्या डावांत प्रतिस्पर्धी संघाला उजव्या हाताचा एकच ताजा पिचर पुरतो. मध्ये डावखुरा रोश आला की ती सोय राहत नाही. नवव्या जागी जुन्या नियमाप्रमाणे पिचर येईल. २०२२ पासून रेड्स खेळतात त्या नॅशनल लीगमध्येही पिचरऐवजी फलंदाजी करणाऱ्या खेळाडूची मुभा कायम झाली असल्याने ती जागा १९७७ मध्ये ५२ होमरन मारणाऱ्या फॉस्टरला देता येते, आणि मग त्याला नवव्या नव्हे, पाचव्या क्रमांकावर आणून बेंचपासून खालच्या सर्वांना एकेक पायरी सरकवावे लागते.