चमॉड नावावर चालतो, एफचमॉड हातातल्या फाइलवर

नाशकात मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी हमखास एक प्रश्न टाकतो: युनिक्स-लिनक्समध्ये फाइलचा मोड, म्हणजे परवानग्या, बदलणाऱ्या चमॉड आणि एफचमॉड या दोन सिस्टिम कॉलमध्ये (प्रोग्रामने कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, केलेल्या विनंत्यांमध्ये) फरक काय? उत्तर सगळ्यांना पाठ असतं. "सर, पहिल्याला पाथ द्यायचा, दुसऱ्याला फाइल डिस्क्रिप्टर." अगदी बरोबर. (पाथ म्हणजे डिरेक्टरींचा रस्ता आणि फाइलचं नाव; डिस्क्रिप्टर म्हणजे फाइल उघडल्यावर कर्नल हातात देतो तो क्रमांक.) मग दोन कशाला ठेवलेत? "फाइल आधीच उघडी असेल तर पाथ परत द्यायला नको, म्हणून." इथे माझं डोकं सटकतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर लिहून देणारे मुरलेले लोकही हेच सांगतात, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

चमॉड तुम्हाला येतो असं धरून चालतो. दोन्ही कॉल तेच १२ बिट बदलतात: परवानग्यांचे ९ (मालक, ग्रुप आणि बाकी जग, प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं), शिवाय सेटयूआयडी, सेटजीआयडी आणि स्टिकी हे तीन खास बिट. दोन्हींची अटही एकच. फाइल तुमच्या मालकीची हवी, नाहीतर रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी यूजरचा, अधिकार हवा. यूमास्कचा (नव्या फाइलच्या परवानग्यांतून काही वगळणाऱ्या सेटिंगचा) दोन्हींशी संबंध नाही, तो फाइल तयार होताना लागतो. चमॉड १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून आहे, एफचमॉड १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या बर्कलीच्या युनिक्सबरोबर आला. बस, एवढं पुरे.

हो, एक राहिलं. सी भाषेत मोडचा आकडा अष्टमानात लिहितात, तेव्हा सुरुवातीचं शून्य खाऊ नका. ०६४४ च्या जागी नुसतं ६४४ लिहिलंत तर ती दशमान संख्या होते, म्हणजे अष्टमानात १२०४. स्टिकी बिट लागला, मालकाला फक्त लिहिता येतं, ग्रुपला काहीच नाही, आणि बाकी जगाला वाचायला फाइल मोकळी. कंपायलर चकार शब्द काढत नाही.

आता मुद्दा. चमॉडला तुम्ही फाइल देत नाही, नाव देता. कर्नल त्या क्षणी तो पाथ पहिल्यापासून चालत जातो, वाटेत सिम्लिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी फाइल) लागली तर तिच्या मागे जातो, आणि शेवटी जो आयनोड (नावामागची खरी फाइल) हाती लागेल त्याचा मोड बदलतो. पुढच्या वेळी तेच नाव दिलंत तर हा प्रवास पुन्हा नव्याने होतो, आणि तो त्याच आयनोडवर संपेल याची हमी कोणी दिलेली नाही. डिस्क्रिप्टरचं तसं नाही. फाइल एकदा उघडली की डिस्क्रिप्टर त्या आयनोडला बांधला जातो. नंतर कोणी नाव बदलो, फाइल हलवो, त्या नावावर दुसरंच काही आणून ठेवो, एफचमॉड तुम्ही उघडलेल्याच फाइलवर बसतो. सिंहस्थात रामकुंडावर "तिसऱ्या पायरीवरचा लाल शर्टवाला पोरगा" असं सांगून माणूस धाडणं आणि त्या पोराचं मनगट धरून ठेवणं, यात जो फरक तोच हा.

हे फक्त पुस्तकी नाही. समजा पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या सर्व्हरवर एक अपलोड डिरेक्टरी आहे. वेब ॲपचा यूजर तिचा मालक, तो तिथे पॅकिंग लिस्टच्या पीडीएफ टाकतो. रात्री रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून) एक स्क्रिप्ट चालते: प्रत्येक फाइल तपासायची, साधी फाइल असेल, सिम्लिंक नसेल, तर चमॉड ०६६४ करायचा, म्हणजे हिशेबवाल्यांना त्यात लिहिता येईल. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने एलस्टॅट (सिम्लिंकच्या मागे न जाता त्या नावाची माहिती देणारा कॉल) करून सिम्लिंक वगळली आहे, त्यामुळे तो निवांत झोपतो.

पण एलस्टॅटने नाव चालून बघितलं आणि चमॉडने तेच नाव पुन्हा चालून बघितलं. मधल्या फटीत वेब ॲपमधून आत शिरलेला कोणी ती पीडीएफ काढून त्याच नावाची सिम्लिंक टाकू शकतो, थेट /ईटीसी/शॅडो कडे, म्हणजे पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) ठेवणाऱ्या फाइलकडे, बोट दाखवणारी. डिरेक्टरी त्याचीच, त्याला कोण अडवणार? तपासणी पीडीएफची झाली, मोड बदलला शॅडोचा, आणि पासवर्डचे हॅश सगळ्यांना वाचायला मिळाले. फट अगदी बारीक असते हे खरं, पण हल्लेखोराला एकदाच जमायला हवं आणि स्क्रिप्ट रोज रात्री चालते. लिनक्समध्ये सिम्लिंकला आळा घालणारी एक सेटिंग ३.६ आवृत्तीपासून आहे, पण ती /टीएमपीसारख्या, सगळ्यांना लिहिता येणाऱ्या स्टिकी डिरेक्टरीपुरती (स्टिकी म्हणजे जिथे दुसऱ्याची फाइल काढता येत नाही). आपली अपलोड डिरेक्टरी त्यात बसत नाही.

बरोबर क्रम असा: आधी ओपन, त्याला ओ-नोफॉलो हा पर्याय लावून, म्हणजे शेवटच्या नावावर सिम्लिंक असेल तर कॉल तिथेच नापास होतो. मग त्याच डिस्क्रिप्टरवर एफस्टॅट (उघड्या फाइलची माहिती देणारा कॉल), आणि पटलं तर त्याच डिस्क्रिप्टरवर एफचमॉड. तपासलं तेच बदललं, मध्ये नाव नाही. सोबत ओ-नॉनब्लॉकही द्या, नाहीतर त्या जागी कोणी फिफो (दोन प्रोग्रामांना जोडणारी नळी) ठेवला तर ओपन समोरच्या टोकाची वाट बघत बसेल आणि तुमचा क्रॉन सकाळपर्यंत हलणार नाही. एफस्टॅटमध्ये मालक कोण आणि लिंक किती हेही बघा. हार्ड लिंक (त्याच आयनोडचं आणखी एक नाव) ही सिम्लिंक नसते, ती ओ-नोफॉलोमधून बिनबोभाट आत येते. आणि ओ-नोफॉलो फक्त पाथच्या शेवटच्या तुकड्याची राखण करतो. मधल्या डिरेक्टरीही परक्याच्या हातात असतील तर ओपनॲट (उघड्या डिरेक्टरीपासून पुढचं नाव उघडणारा कॉल) घेऊन एकेक पायरी उतरा.

शेलमध्ये, म्हणजे कमांड लाइनवर, हे जमत नाही, कारण तिथला चमॉड नावच मागतो. परक्याला लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत रूटची शेल स्क्रिप्ट चमॉड करताना दिसली की मी ती सरळ परत पाठवतो. पायथनमध्ये ओएस मॉड्यूलमधले ओपन, एफस्टॅट, एफचमॉड घेतले तर पाच-सहा ओळींत काम होतं, त्यामुळे वेळ नव्हता ही सबब मला चालत नाही.

एवढं समजलेले लोक मग दुसऱ्या टोकाला जातात: एफचमॉड वापरला, आता चिंता नाही. चिंता आहे. गुप्त कीची (एन्क्रिप्शनच्या किल्लीची) फाइल ०६६६ ने तयार करायची आणि पुढच्याच ओळीत एफचमॉड ०६०० करायचा, हा प्रकार मी फार बघतो. यूमास्क नेहमीचा ०२२ असेल तर मधल्या क्षणी ती फाइल जगाला वाचता येते. परवानगीची तपासणी ओपनच्या वेळी होते, प्रत्येक रीडला नाही. त्या क्षणात ज्याने फाइल उघडून ठेवली त्याच्या हातात डिस्क्रिप्टर राहिला, आणि तुम्ही नंतर लिहिलेली गुप्त किल्ली तो आरामात वाचतो. चमॉड असो नाहीतर एफचमॉड, वाटलेले डिस्क्रिप्टर कोणीच परत घेत नाही. फाइल जन्मालाच ०६०० ने घाला, ओ-एक्सक्लसह (त्या नावाचं काही आधीच असेल तर ओपन नापास करणारा पर्याय), आणि सैल करायची असेल तर नंतर एफचमॉडने करा. घट्टाकडून सैलाकडे जायचं, उलट कधीच नाही.

मग चमॉड टाकाऊ का? मुळीच नाही. स्वतःच्या होम डिरेक्टरीत, जिथे दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही, तिथे तो बिनधास्त वापरा. काही ठिकाणी तर तोच लागतो. युनिक्स डोमेन सॉकेट (एकाच यंत्रावरच्या प्रोग्रामांच्या संवादाचं टोक) बाइंड झाल्यावर, म्हणजे फाइलच्या नावाशी जोडला गेल्यावर, लिनक्सवर त्याच्या डिस्क्रिप्टरवर एफचमॉड केलात तर कॉल यशस्वी होतो, पण डिस्कवरच्या सॉकेट फाइलचा मोड तसाच राहतो. ग्राहकाकडचे फोन इथूनच सुरू होतात.

दुसरी अडचण: फाइल तुमचीच, पण मोड ०००० आहे आणि तुम्ही रूट नाही. वाचायला उघडत नाही, लिहायला उघडत नाही, मग डिस्क्रिप्टर आणायचा कुठून? चमॉडला फाइल उघडायचीच नसते, पाथमधल्या डिरेक्टरींतून जाता आलं की झालं, म्हणून तो चालतो. ओ-पाथ (वाचायला-लिहायला न उघडता फाइल नुसती धरून ठेवणारा पर्याय) लावून डिस्क्रिप्टर मिळतो खरा, पण त्यावर एफचमॉड केला की लिनक्स ईबॅडएफ (डिस्क्रिप्टर चालत नाही) ही एरर तोंडावर मारतो. २०२३ च्या ६.६ कर्नलपासून एफचमॉडॲट२ हा कॉल आला आहे, त्याला एटी-एम्प्टी-पाथ हा पर्याय दिला की ओ-पाथवाला डिस्क्रिप्टरही चालतो. त्याआधीच्या कर्नलवर /प्रॉक/सेल्फ/एफडी (प्रोग्रामच्या स्वतःच्या उघड्या डिस्क्रिप्टरांची डिरेक्टरी) मधल्या त्या डिस्क्रिप्टरच्या नावावर साधा चमॉड करायचा. दिसायला ओबडधोबड आहे, पण तो त्याच आयनोडवर पोचतो.