ग्रिलची आच मंद: गॅस पोचत नाही की गॅस नीट जळत नाही?

गोव्यात चवथ आटोपली आणि पावसाने उघडीप दिली की पडवीच्या कोपऱ्यात चार महिने झाकून ठेवलेले गॅस ग्रिल बाहेर निघते, आणि पुष्कळ घरांत पहिल्याच दिवशी तक्रार सुरू होते की ग्रिल पेटते, पण तापत नाही. इसवणाचे (सुरमईचे) तुकडे जाळीवर ठेवले तर ते खरपूस होण्याऐवजी पाणी सोडत राहतात आणि उलटायला गेले की जाळीला चिकटून तुटतात. या एकाच तक्रारीमागे दोन वेगळे दोष असू शकतात. एका दोषात गॅस बर्नरपर्यंत पुरेसा पोचतच नाही. दुसऱ्यात गॅस पोचतो, पण त्यात हवा हवी तितकी मिसळत नसल्यामुळे तो नीट जळत नाही. पहिला दोष नॉबच्या अलीकडे, म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर आणि रबरी नळी यांत असतो, तर दुसरा नॉबच्या पलीकडे, जेट (गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी) आणि बर्नरच्या नळीत. आमच्या घरी एका वर्षी रेग्युलेटर बदलून झाला, नळी बदलून झाली, आणि शेवटी बर्नर काढून पाहिला तेव्हा नळीच्या तोंडाशी मातीचे घर निघाले. खर्च गेला तो गेलाच, पण सगळे जोड पुन्हा पुन्हा खोलण्यात विनाकारण धोका पत्करला, हे मला अधिक लागले. म्हणूनच कशालाही हात लावण्यापूर्वी दोष कोणत्या बाजूचा आहे हे ओळखावे, असे मी आग्रहाने सांगतो.

ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे ज्योत. ग्रिल थंड असताना वरची जाळी आणि बर्नरवरच्या पत्र्याच्या पट्ट्या काढून ठेवाव्यात, झाकण उघडेच ठेवून तिन्हीसांजेच्या मंद उजेडात बर्नर पेटवावेत आणि नॉब पूर्ण उघडून ज्योत शांतपणे पाहावी. गॅस कमी पोचत असेल तर ज्योत निळीच असते, पण बुटकी, आणि सगळ्या बर्नरवर सारखीच बुटकी. नॉब मध्यावरून पुढे फिरवला तरी ती फारशी वाढत नाही. हवा कमी मिसळत असेल तर ज्योत पिवळी, लांब आणि लोळणारी होते, भांड्याला किंवा जाळीला काजळी धरते, आणि बहुतेक वेळा हे एखाद्याच बर्नरवर दिसते. कधी त्या बर्नरचा अर्धा भाग पेटतो आणि अर्धा विझलेलाच राहतो.

रंगावरून निर्णय होत नसेल तर दुसरी परीक्षा अधिक खात्रीची आहे. प्रत्येक बर्नर एकेकटा पेटवून पाहावा. ग्रिल तीन बर्नरचे असेल आणि एकटा असताना बर्नर जोमाने जळतो, पण तिन्ही पेटवले की सगळेच मलूल होतात, असे असेल तर दोष पुरवठ्याचा आहे, कारण येणारा गॅस एकाला पुरतो, तिघांना पुरत नाही. एखादा बर्नर एकटा असतानाही मंदच राहतो आणि त्याच्या शेजारचे दोन ठीक जळतात, तर सिलिंडर आणि रेग्युलेटर यांना दोष देण्याचे काहीच कारण नाही. ते तिघांनाही सामायिक आहेत. सगळे बर्नर एकेकटे पेटवूनही बुटकेच राहत असतील तर अडथळा पुरवठ्यातच, पण अधिक गंभीर आहे.

पुरवठ्याच्या दोषाबद्दल परदेशातल्या नातेवाइकांकडून किंवा व्हिडिओंतून जो सल्ला मिळतो तो तिथल्या साधनांचा असतो, हे लक्षात ठेवावे. अमेरिका आणि कॅनडात ग्रिलच्या रेग्युलेटरच्या जोडात गॅसचा प्रवाह एकदम वाढला तर तो आवळून धरणारी सुरक्षा-रचना असते. नळी तुटली तर गॅस भसाभसा बाहेर पडू नये, यासाठी ती असते. मात्र नॉब उघडे असताना सिलिंडरची चावी झटक्यात उघडली तरी तिला गळतीच झाल्यासारखे वाटते, आणि मग ग्रिल 120 ते 150 अंश सेल्सिअसच्या वर जातच नाही. तिथला उपाय असा की सर्व नॉब आणि सिलिंडर बंद करावेत, रेग्युलेटर सोडवावा, झाकण उघडे ठेवून नॉब मिनिटभर उघडावेत आणि बंद करावेत, पुन्हा जोडणी करावी, सिलिंडर अगदी सावकाश उघडावा आणि मगच पहिला बर्नर पेटवावा. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरवरचा रेग्युलेटर त्या घडणीचा असेलच असे नाही. त्यामुळे हा उपाय करून फरक पडला नाही म्हणजे रेग्युलेटर बाद झाला, असा निष्कर्ष काढू नये.

आपल्याकडे पुरवठा कमी पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. नळी ग्रिलच्या चाकाखाली दबलेली किंवा मुरगळलेली असते, सिलिंडर संपत आलेला असतो, किंवा ग्रिलची भूकच मोठी असते. ताशी 30,000 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) क्षमतेचे तीन बर्नरचे ग्रिल पूर्ण आचेवर तासाला सुमारे 650 ग्रॅम गॅस जाळते. स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या मानाने ही ओढ बरीच मोठी आहे. रेग्युलेटरच्या ताशी क्षमतेपेक्षा ती जास्त असेल तर रेग्युलेटर निर्दोष असूनही आच मंदावते. येथे दाब आणि प्रवाह यांची गल्लत होते. अमेरिकी ग्रिल पाण्याच्या 11 इंच स्तंभाइतक्या, म्हणजे सुमारे 27 मिलिबार दाबावर चालते आणि आपला घरगुती रेग्युलेटर सुमारे 30 मिलिबार दाब देतो. म्हणजे दाबात मोठा फरक नाही, कमी पडतो तो प्रवाह. म्हणून आच वाढवण्यासाठी हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर ग्रिलला लावणे हा उपाय नसून अपघाताला आमंत्रण आहे. कोणी कितीही खात्री दिली तरी तो लावू नये.

आता बर्नरची बाजू. गोव्यात ग्रिल बिघडते ते बहुतेक वेळा येथेच, असा माझा अनुभव आहे. नॉबच्या टोकाला असलेल्या जेटच्या बारीक छिद्रातून गॅस वेगाने सुटतो, बर्नरच्या नळीच्या तोंडात शिरताना आजूबाजूची हवा ओढून घेतो, आणि हे मिश्रण पुढे छिद्रांवर जळते. त्या तोंडाशी कोळ्याचे जाळे असले तरी हवेची ओढ मंदावते. आपल्याकडे कोळ्यापेक्षा कुंभारीण माशी जास्त त्रास देते. पावसाळ्यात न वापरलेली कोणतीही नळी तिला घर बांधायला सोयीची वाटते, आणि तिची माती वाळली की ती नुसत्या फुंकरीने निघत नाही. त्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा. कळंगुट किंवा कोलव्याच्या बाजूला ठेवलेल्या ग्रिलच्या बर्नरची छिद्रे गंजाच्या पापुद्र्यांनी बुजतात, आणि काही ठिकाणी दोन छिद्रे मिळून एक मोठे भोक होते. बुजलेली छिद्रे साफ करता येतात, पण भोके वाढलेला बर्नर बदलावाच लागतो.

चोंदलेल्या नळीचा खरा धोका मंद आच हा नाही. पुढे जायला वाट न मिळालेला गॅस नळीच्या तोंडातून मागे फिरतो आणि नॉबच्या खालीच पेटतो. नॉब हाताला चटका देण्याइतका गरम लागला किंवा पॅनेलच्या मागे आग दिसली तर ताबडतोब सगळे बंद करावे. गॅसचा वास आला तर पेटवण्याचा प्रयत्नच करू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहतो. गळतीसाठी 1906 हा क्रमांक देशभर चालतो.

साफ करताना सिलिंडर सोडवून दूर ठेवावा आणि बर्नर बाहेर काढावा. बाटली धुण्याचा लांब ब्रश नळीत शेवटपर्यंत फिरवावा. माती असेल तर नळी आधी पाण्यात भिजवून मग ठोकून काढावी आणि उन्हात पूर्ण वाळवावी. बर्नरच्या छिद्रांत बारीक तार घातली तर चालते, पण जेटमध्ये सुई किंवा तार कधीही घालू नये. ते छिद्र केसभर मोठे झाले तरी गॅस आणि हवेचे प्रमाण कायमचे बिघडते.

एक प्रसंग मात्र दोन्ही लक्षणांची सरमिसळ करतो. परदेशी ग्रिल बहुधा प्रोपेनसाठी बनवलेले असते, तर आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेनच्या एका भागाला पूर्ण जळायला सुमारे 24 भाग हवा लागते, ब्युटेनच्या एका भागाला 31. त्यामुळे अगदी स्वच्छ बर्नरवरही ज्योतींची टोके पिवळी दिसू शकतात. ती सगळ्या बर्नरवर सारखी पिवळी असतील, आच चांगली असेल आणि काजळी नसेल, तर नळीच्या तोंडाशी असलेले हवेचे शटर (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) थोडे उघडून पाहणे पुरेसे आहे. याउलट प्रोपेनचे ग्रिल पाईपच्या नैसर्गिक वायूवर जोडले तर सगळ्या ज्योती निळ्या आणि बुटक्या राहतात, अगदी रेग्युलेटर बिघडल्यासारख्या. कारण त्या वायूत घनफळामागे उष्णता अडीच पटींनी कमी असते आणि त्याला मोठ्या छिद्राचे जेट लागतात. असा बदल अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावा.

साफ केलेला बर्नर परत बसवताना त्याच्या नळीचे तोंड जेटवर सरळ आणि पूर्ण बसले आहे, हे खाली वाकून डोळ्यांनी पाहावे. ते बोटभर बाजूला राहिले तर गॅस नळीत न जाता ग्रिलच्या पेटीत सुटतो, आणि वरून पाहणाऱ्याला ज्योत पुन्हा मंदच दिसते. सिलिंडर जोडल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावावा, फुगे येत नाहीत ना ते पाहावे आणि मगच झाकण उघडे ठेवून बर्नर पेटवावा.